बाबांचा खोकला

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर आपण दहा मिनिटं बोललो, तेवढ्यात मागून बाबा आठ वेळा खोकले. कोरडाच, घशात काहीतरी खाजल्यासारखा. तू म्हणालीस, मोहोर फुटलाय, फवारणी चाललीय, त्यानेच. काकी म्हणतात खाडीवरचा वारा. अडुळसा झाला, सितोपलादी झालं. आणि बाबांचं ठरलेलं, "माका कायएक होऊक नाय!" पण हा खोकला दिवाळीनंतरचा, आणि प्रेशरची गोळी बदलली तीही दिवाळीतच. रॅमिप्रिल ना? माझा संशय तिच्यावर आहे.

बाबा, कलमावर चढलात आणि गांधीलमाशीने डंख मारला, ते आठवतं? हात कोपरापर्यंत सुजला होता. त्या माशीच्या विषात कायनिन जातीची द्रव्यं असतात. तसलंच एक द्रव्य आपलं रक्त स्वतःही तयार करतं, ब्रॅडिकायनिन.

लॅबमध्ये मी रोज रक्त फिरवून पेशी खाली बसवते. वर उरतो तो पिवळसर प्लाझ्मा. त्यात यकृताने बनवलेली काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, निजलेली असतात. इजा झाली की फॅक्टर १२ नावाचं एक जागं होतं, ते कॅलिक्रीनला जागं करतं, आणि कॅलिक्रीन उलट फॅक्टर १२ लाच आणखी हलवतं. मग कॅलिक्रीन कायनिनोजेन या लांबलचक प्रथिनातून नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा कापून काढतं. तोच ब्रॅडिकायनिन. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, पावसात चिऱ्याची भिंत पाझरावी तशा पाझरू लागतात, आणि वेदनेचे तंतू डिवचले जातात. लाली, ऊब, सूज, ठणका, सगळं आलं.

एवढं जहाल द्रव्य मोकळं सोडून चालत नाही. म्हणून एसीई नावाचं दुसरं विकर ते काही सेकंदांतच तोडून टाकतं. हे मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतं, थोडं प्लाझ्मातही. पण रक्तदाब चढवणारं अँजिओटेन्सिन-२ बनवणारंही हेच. तुमची गोळी एसीईला अडवते. दाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचतं आणि श्वासनलिका हुळहुळत राहते. दहा-वीस जणांत एखाद्याला तरी हा खोकला लागतोच. गोळी बदलताना कुणीतरी दोन शब्द सांगायला हवे होते, पण असो.

आणि एक गंमत. १९४९ साली ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे द्रव्य सापडलं ते जराराका सापाच्या विषामुळे. आतड्याचा तुकडा त्याने सावकाश आकसला, आणि ग्रीकमध्ये ब्रॅडी म्हणजे सावकाश. पुढे त्याच विषात एसीईला अडवणारी द्रव्यं मिळाली, आणि त्यांच्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध घडवलं. तुमची गोळी त्याच घराण्यातली. जराराका म्हणजे आपल्या फुरशाचा दूरचा भाऊबंद. फुरसं दिसलं की दांडा शोधणारे तुम्ही, आणि रोज सकाळी चहाबरोबर घेता काय!

आता महत्त्वाचं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, प्रेशर उसळेल. या आठवड्यातच डॉक्टरांना खोकल्याचं सांगा. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या एसीईच्या वाटेला जात नाहीत, ते ठरवतील. गोळी बदलली तरी खोकला जायला काही आठवडे लागतात, तेव्हा दोन दिवसांत "नाय गेलो" म्हणू नका. पण ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र सकाळची वाट न बघता रिक्षा करून दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण झालं तर गोळीचं नाव आधी सांगा, कारण ही सूज ॲलर्जीच्या नेहमीच्या औषधांना फारशी दाद देत नाही.

आई, पाकिटाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून पाठव. मागच्या वेळी नुसता तुझा अंगठा आला होता.

तुमची,
बाय