कारणाचा रकाना

नागपूर, २२ जून

प्रिय नलू,

तीन महिने झाले पत्राला. फोन केला की तू मीटिंगमध्ये, आणि तुझा आला की माझी गाडी वर्धा रोडवर अडकलेली. गुन्हा निम्मा-निम्मा. प्रकृती ठीक, शुगर जागेवर, आईने तुझ्या वाटची लोणच्याची बरणी अजून कोणाला उघडू दिली नाही. झालं.

२६ जून आला ना. अंमली पदार्थविरोधी दिन. नववीला चाळीस मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात. सोबत पोस्टर मिळालंय: कवटी, सिरिंज आणि मधोमध गांजाचं पान. गांजा सुईने घेत नाहीत एवढं तरी त्या चित्रकाराला कोणी सांगायला नको होतं का? त्यात काल एक पोरगी विचारते, "मॅडम, आमचे आजोबा शिवरात्रीला भांग घेतात. ते झाड हेच ना? मग आजोबा नशेखोर का?" वर्ग खो खो हसला, आणि मला तुझ्या पेपरातल्या 'गांजाच्या नशेत खून' या मथळ्यावरून झालेलं आपलं भांडण आठवलं. तू पंधरा दिवस बोलली नव्हतीस, आणि समेटाचे तर्री पोहे मात्र माझ्याच पैशांनी खाल्लेस!

ते भांडण मी आज पुन्हा उकरून काढून राहिले, कारण आता माझ्याकडे तुझ्यापेक्षा जुना साक्षीदार आहे. इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेला १८९३-९४ चा इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. गांजाने माणूस वेडा होतो, वेड्यांची इस्पितळं गंजेट्यांनी भरली आहेत, अशी ओरड तेव्हाही होती. कमिशनने देशभरातून ११९३ साक्षी घेतल्या, आपला मध्य प्रांतही त्यात आला. मग त्यांनी इस्पितळांच्या नोंदवह्या उघडल्या. वेडाचं 'कारण' लिहायला तिथे एक रकाना असायचा. रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाला पूर्वीचं काहीच ठाऊक नसे, पण रकाना तर भरायला हवा. मग लिहिलं 'गांजा'. १८९२ साली गांजा-भांग-चरसमुळे म्हणून नोंदलेले २२२ रोगी होते. एकेकाची चौकशी केल्यावर ज्यांच्याबाबत ते कारण थोडंफार तरी धरता आलं, असे ९८ उरले. त्यातही काहींच्या बाबतीत सोबत दुसरी कारणं होतीच.

आता तुझी रात्री साडेनऊची प्रेसनोट आठव. तोच रकाना आहे गं तो. 'गांजाच्या नशेत खून.' रक्त तपासलं होतं? रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कित्येक आठवडे सापडतो, म्हणजे लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली तरी त्या घटकेला तो नशेत होता हे सिद्ध होत नाही. सोबत दारू होती का, हे मथळ्यात मावत नाही. आणि 'अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त' हे तर तूच मला शिकवलंस: गांजा दोन किलोचा, पण दुचाकी आणि मोबाइल धरून आकडा फुगतो. वाचणाऱ्याला वाटतं सगळा गांजाच.

वजनाचं तर विचारूच नको. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया गांजात धरत नाहीत, म्हणूनच भांग या व्याख्येबाहेर राहते. एक किलोपर्यंत 'अल्प' मात्रा, वीस किलोच्या वर 'व्यावसायिक'. तिथे शिक्षा दहा ते वीस वर्षं आणि जामीन महाकठीण. पोत्यात देठ, पानं, बिया सगळं एकत्र असतं, त्यामुळे शेंडे वेगळे तोलले का, यावर कोर्टात वर्ष-वर्ष वाद चालतात. बातमीत मात्र पोत्याचंच वजन. आणि नुसतं सेवन केल्याची शिक्षा? सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या पोस्टरवर छापलंय 'दहा वर्षे तुरुंगवास'. पोरं मोबाइलवर दोन मिनिटांत शोधतात, आणि एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही गेलं.

भांगेचं त्या पोरीला काय सांगितलं, विचारशील. आजोबा नशेखोर नाहीत, पण झाड तेच, आणि भांग कायद्यातून मोकाट सुटलेली नाही. मध्य प्रदेशात परवान्याची दुकानं आहेत, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा तिच्यावर बसलेला आहे. खरा धोका वेगळाच, तो कोणी सांगत नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. प्यालेली भांग अर्धा तास ते दोन तास घेते. "काहीच होत नाही" म्हणत माणूस दुसरा ग्लास लावतो आणि मग दोन्ही एकदम चढतात: उलट्या, छाती धडधड, 'मी मरतो' अशी भीती, सहा-आठ तास. होळीला दवाखान्यात आणतात त्यातल्या कितीकांची हीच कथा.

मी गांजाची वकील झाले असं समजू नको, गेल्या वेळी तू हाच आरोप केला होतास. कोवळ्या वयात रोज ओढण्याने स्मरण आणि अभ्यास बिघडतो. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर धोका वाढतो. सवय लागण्याचं प्रमाण साधारण दहात एक, पण पोरवयात सुरू केलं तर सहात एक. हे पुरेसं भीतीदायक आहे, कवटी कशाला? उलट बाजूचे लोकही काही कमी नाहीत. 'गांजाने कॅन्सर बरा होतो' असले फॉरवर्ड माझ्या नणंदेकडून येतात. त्या झाडातल्या एका घटकाचं औषध मिरगीच्या काही दुर्मिळ प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं, हे खरं. कॅन्सर बरा होण्याचा पुरावा नाही.

भीतीचा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. १९९८ पासून सहा वर्षं, जवळजवळ एक अब्ज डॉलर खर्चून, मुलांसाठी जाहिराती. तपासणीत दिसलं की वापर घटला नाही. उलट जास्त जाहिराती पाहिलेल्या पोरांना वाटू लागलं, आपल्या बरोबरीचे सगळेच ओढतात वाटतं! आपल्याकडचा खरा आकडा बघ: २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी सर्वेक्षणात वर्षभरात भांग-गांजा-चरस यांपैकी काहीही घेतलेले २.८ टक्के, दारू १४.६. आणि सोल्यूशन, व्हाइटनर हुंगणं मोठ्यांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयात १.१७. म्हणजे माझ्या नववीच्या दप्तरातली बाटली पोस्टरवर नाहीच, आणि पान मात्र हातभर! यापेक्षा मारबतीच्या मिरवणुकीतला बडग्याचा पुतळा परवडला, त्यावर लोक निदान नवं काही लिहितात.

तर चाळीस मिनिटं अशी बसवली आहेत. पहिली दहा फक्त त्यांचे प्रश्न, चिठ्ठीवर, नाव न घालता. मग पंधरा मिनिटं: शरीरात काय होतं, किती वेळात, कोणाला जास्त धोका. पाच कायद्याला, शिक्षेचा खरा आकडा सांगून, आणि पोरांना नशा देणाऱ्या मोठ्याला बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सात वर्षांपर्यंत आत टाकू शकतं, हेही. शेवटची दहा 'मित्राला चढली तर': एकट्याला सोडू नका, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, मोठ्या माणसाला बोलवा, १०८ लावा. सवय सोडायची असेल तर १४४४६. आणि स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनाधीनाला एनडीपीएसचं कलम ६४अ काही अटींवर खटल्यापासून वाचवतं. ही ओळ वर्गात सांगू की नको? पालक म्हणतील, बाई सूट देऊन राहिल्या. माझी झोप तिथे अडली आहे. चूक झाली तर मागे फिरायला वाट आहे, हे पोराला कळलंच नाही तर तो लपवणार. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला बोलवणार, हेही तितकंच खरं.

तुझं काय चाललंय? नवी डेस्क जमली का? लेकीचा अकरावीचा प्रवेश? सासूबाईंचा गुडघा? सगळं लिही, नाहीतर फोनवर तरी सांग, मीटिंगमध्ये नसशील तेव्हा.

आणि ६४अ ची ओळ तू मथळ्यात कशी बसवशील ते लिहून पाठव. सात शब्दांत. २५ च्या रात्रीपर्यंत हवं.

तुझी,
मंगल

ता.क. संत्रा बर्फी पाठवतेय. मागच्या वेळेसारखी 'मुंग्या लागल्या' ही प्रेसनोट चालणार नाही.