मुलींना अभ्यासाचा विषय नव्हे, संशोधक माना

महोदय,

सौंदर्यप्रसाधनांतील रसायनांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. 'मुलींना समज द्या' हा त्यातला सूर पटला नाही. कॅलिफोर्नियातील सॅलिनास हा शेतमजुरांचा परिसर. तेथील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) शाळकरी मुलामुलींनी बर्कले विद्यापीठातील संशोधकांच्या बरोबरीने अभ्यास केला. १०० मुलींनी तीन दिवस पॅराबेन (टिकाऊपणासाठी), थॅलेट (सुगंधासाठी), ट्रायक्लोसान (जंतुनाशक) ही संप्रेरकांवर परिणाम करू शकणारी रसायने नसलेली प्रसाधने वापरली. लघवीतील मिथाइल पॅराबेनचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी उतरले. २०१६मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या अंगाला रसायन लागते, त्यांनीच प्रश्न विचारले, म्हणून हे घडले. माझी नववीतली लेक शाम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरे मोबाइलवर मोठी करून वाचते. तिला उपदेश नको, प्रयोगशाळेचे दार उघडून हवे आहे.

– एक पालक, सांगली