निकालाच्या बातमीत शिक्षकाचेही नाव हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी, म्हणजे त्या खेळातील मानाच्या दालनासाठी, संघाचे मॅनेजर राहिलेल्या जिम लेलँड यांची डिसेंबर २०२३ मध्ये निवड झाली, तेव्हा ‘व्यवस्थापकाचा गौरव’ असे वाचून आमच्या कट्ट्यावरील एकाने विचारले होते, की तिकिटे काढणाऱ्या माणसाला एवढा मान कशासाठी? त्याचा दोष नाही, कारण आपल्याकडे संघव्यवस्थापक म्हणजे रेल्वेचे आरक्षण, ओळखपत्रे आणि जेवणाचे डबे सांभाळणारा गृहस्थ. बेसबॉलचा मॅनेजर मात्र खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो, फलंदाजीचा क्रम लावतो आणि दमलेल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातून चेंडू काढून घेण्यासाठी स्वतः मैदानात चालत जातो.

लेलँड मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, एकही सामना खेळले नाहीत. कनिष्ठ लीगमध्ये कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून त्यांचा खेळ संपला आणि तिथेच त्यांनी ११ हंगाम संघ सांभाळले. १९९७ मध्ये त्यांच्या हाताखाली फ्लोरिडा मार्लिन्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली. लगोलग मालकाने महागडे खेळाडू काढून टाकले आणि पुढच्या हंगामात तोच संघ १०८ सामने हरला. याउलट, २००३ मध्ये ११९ सामने गमावलेला डेट्रॉइट टायगर्स २००६ मध्ये, लेलँड आले त्याच वर्षी, वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. कारकिर्दीची बेरीज १,७६९ विजय आणि १,७२८ पराभव. (आमच्याकडे संस्थाचालकांनी हा दुसरा आकडाच आधी वाचला असता.) तरीही निवड समितीच्या १६ पैकी १५ सदस्यांनी त्यांना मत दिले, १२ मते पुरेशी होती.

आपल्याकडेही १९८५ पासून प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे, आणि १९९० मध्ये तो मिळवणारे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. पण हे झाले दिल्लीचे. जळगाव-धुळ्याच्या शालेय मैदानावर काय चालते, ते मी नोकरीभर पाहिले आहे. माझे एक सहकारी स्वतः तालुक्यापलीकडे कधी खेळले नाहीत. ते पहाटे हाताने फक्की मारून सॉफ्टबॉलचे (हा बेसबॉलसारखाच खेळ) मैदान आखत आणि सामना सुरू झाला की तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धाव पूर्ण होण्याआधीच्या शेवटच्या थांब्याजवळ, उभे राहत. अटीतटीच्या वेळी बेसवरची मुलगी चेंडूकडे न पाहता त्यांच्या हाताकडे पाही, आणि घाबरली की अहिराणीतच विचारी, “सर, आते काय करू?” ते तळहात खाली दाबत, म्हणजे थांब. त्या मुलींची नावे शाळेच्या सभागृहातील फलकावर सोनेरी अक्षरांत आहेत. सरांचे नाव तिथे नाही, आणि तेव्हाच्या वृत्तपत्रांतील निकालातही नव्हते.

फलक आपल्या हाती नाही, हे मला कळते. क्रीडा पान मात्र आहे. तालुका व जिल्हा स्पर्धांचे निकाल छापताना विजयी संघाच्या नावांखाली ‘मार्गदर्शक’ म्हणून बहुधा मुख्याध्यापक आणि संस्थेचे अध्यक्ष यांची नावे येतात. शाळांकडून येणाऱ्या मजकुरात मैदानावर प्रत्यक्ष शिकवणाऱ्या शिक्षकाचे नाव सक्तीचे करावे आणि ते खेळाडूंच्या नावांना लागूनच छापावे, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक,
चोपडा, जि. जळगाव