दारू सुटली, आता जेवणाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

दारू सुटलेलीच आहे, ती काळजी आधी मनातून काढा. हे पत्र दुसऱ्या आजाराबद्दल आहे. फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहितेय.

मला बुलिमिया आहे. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबता येत नाही, आणि मग वजनाच्या धास्तीने ते मुद्दाम उलटून टाकते. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बायकांमध्ये खाण्याचे विकार बरेच आढळतात. पुष्कळ जणींना ते आधीपासून असतात, नशेमुळे झाकलेले. माझंही तसंच. कॉलेजात मी जेवण टाळायचे, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही, कारण मी येऊच दिलं नाही. पुढे दारूने ती भीती बधिर केली. दारू थांबली, भूक परतली, वजन वाढलं आणि भीती दुपटीने उसळली.

बाबा, तुम्ही म्हणाल, मनावर ताबा ठेव. पण दारूचा एक थेंबही न घेता जगता येतं. जेवणाचं तसं नाही, रोज त्याच्यासमोर बसावंच लागतं. आणि हे नुसतं मनाचं दुखणं नाही. सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून माझ्या रक्ताच्या तपासण्या चालू आहेत. दोन्ही आजारांवर उपचारही एकत्रच चाललेत, कारण एकाकडे दुर्लक्ष झालं की दुसरा डोकं वर काढतो.

आई, मी घरी आले की 'भरलीस', 'वाळलीस', काहीच म्हणू नकोस. 'तब्येत सुधारली' हे तू मायेने म्हणशील, पण मला ते 'जाड झालीस' असंच ऐकू येईल आणि पुढचं जेवण माझ्या घशाखाली उतरणार नाही. ताटात किती उरलं तेही बघू नका. वजनकाटा कुठेतरी ठेवून द्या. जेवणं ठरल्या वेळी, सगळ्यांची एकत्र होऊ देत, आणि नंतर तासभर माझ्याशी बोलत बसा, विषय कुठलाही चालेल. तोच वेळ मला सगळ्यात जड जातो. बाथरूमबाहेर पहारा मात्र नको.

शनिवारी डॉक्टर तुम्हा दोघांशी बोलणार आहेत. बाबा, आईला एकटीला पाठवू नका. जे विचारायचं ते माझ्यासमोरच विचारा.

तुमची,
लेक