जुना लॅपटॉप घ्यायला जाताय? पेनड्राइव्ह घेऊन जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजं सुरू झाली की आपल्या इंदूरात जुना लॅपटॉप शोधणाऱ्या आईबापांची धावपळ सुरू होते आणि त्यात कुणी ना कुणी फसतंच, म्हणून हे पत्र. मागच्या वर्षी मीच फसलो. मुलासाठी एक चकचकीत लॅपटॉप घेतला, घरी आणून त्यात लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकलं तर वायफायच दिसेना. आत ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड निघालं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा उतरवावा लागतो आणि तो उतरवायला नेट पाहिजे, शेवटी मोबाइल केबलने जोडून नेट दिलं तेव्हा कुठे सुरू झालं. बरं रॅम ४ जीबी, तीही बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोयच नाही. परत द्यायला गेलो तर उत्तर मिळालं, "भिया, विंडोज उड़ा दिया, अब हमारी जिम्मेदारी नहीं."

यंदा भाचीसाठी घ्यायचा होता. ती बीसीएला आहे, बजेट पंधरा हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. ह्या वेळी मिंटचा पेनड्राइव्ह घरूनच बनवून नेला. बऱ्याच लोकांना माहीत नसतं की लिनक्स इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून तसंच चालवून बघता येतं, आतल्या डिस्कमधलं काही पुसलं जात नाही, आणि दहा मिनिटांत मशीन कसं आहे ते कळतं.

आणि सध्या वेळही चांगली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची ऑफिसातली धडधाकट मशीनं, थिंकपॅड टी४७०, लॅटिट्यूड ७४८०, एलिटबुक ८४० जी४ अशी, स्वस्तात मिळतात. लिनक्सला त्यांचं काहीच वावडं नाही. एका ठिकाणी तर सातव्या पिढीच्या मशीनवर कसंतरी विंडोज ११ बसवून "एकदम लेटेस्ट" म्हणून दाखवलं, तर पिढी कुठली ते आधी विचारा. पैसे असतील तर आठवी पिढी घ्या, कारण ह्या पातळ लॅपटॉपांच्या आय५ मध्ये सातवीपर्यंत दोनच कोअर असायचे, आठवीपासून चार झाले.

पहिलं मशीन दिसायला नवंकोरं होतं. चालू करताना एफ१ दाबलं तर पासवर्डची चौकट आली. तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगचा पासवर्ड, जुन्या कंपनीने टाकलेला, दुकानदारालाही माहीत नाही. तो सहजासहजी निघत नाही आणि आत पेनड्राइव्हवरून मशीन चालू करणंच बंद करून ठेवलेलं असलं तर लिनक्स टाकणारच कसं? तिथेच सोडून दिलं.

दुसरं मशीन थिंकपॅड टी४७०. एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला, मिंट उघडलं आणि इंटेलचं वायफाय लगेच दिसलं, इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) असतो. आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं बघितली, झाकण लावून परत उघडलं, प्रत्येक अक्षर टाइप करून पाहिलं. बॅटरीची माहिती उघडली तर मूळ २४ वॅट-अवरची आतली बॅटरी ११ वरच भरत होती, तो आकडा दुकानदाराला स्क्रीनवर दाखवला आणि आठशे रुपये कमी करून घेतले. साडेबारा हजारात सौदा झाला. रॅमला दोन स्लॉट आहेत, एक रिकामा होता, त्यात पुढच्याच आठवड्यात ८ जीबी टाकली. स्क्रीनचं मात्र जरूर बघा, १३६६ बाय ७६८ पिक्सेलवाली घेऊ नका, कोडिंग करणाऱ्या पोरांना तिच्यावर फारच कमी मावतं.

आता भाची लिबरऑफिस ह्या फुकटच्या ऑफिसमध्ये असाइनमेंट करते, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डही सेटिंगमध्ये आहेच, त्यावर माझी आई तिच्या भजनांची वही टाइप करून घेतेय. चोरीचं विंडोज नाही की क्रॅक केलेलं ऑफिस नाही.

शहरातल्या दुकानदारांना मनापासून विनंती आहे, माल मांडण्याआधी बायोसचा पासवर्ड काढून घ्या, निघत नसेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगा, आणि कुणी पेनड्राइव्ह लावू का विचारलं तर दहा मिनिटं लावू द्या.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर