दुसरी लेन्स घेणार असाल तरच मिररलेस घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत नवीन कॅमेरा कोणता घ्यावा यावर लेख आला होता, त्यात सरळ लिहून टाकलंय की छोटे कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न निघणारे कॅमेरे, मोबाईलनं संपवले, ज्याला खरंच फोटो काढायचेत त्यानं मिररलेसच, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यावा. आता यातलं अर्धं खरं आहे. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले अन् २०२३ ला तोच आकडा ८० लाखांच्याही खाली, त्यात सगळ्यात जास्त मेले ते बारक्या सेन्सरचे (सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप) स्वस्त कॉम्पॅक्टच. पण मोठ्या सेन्सरचे कॉम्पॅक्ट ही जातच वेगळी, २०१२ ला सोनीचा पहिला आरएक्स१०० आला तेव्हापासून खिशात मावणारा बरा कॅमेरा म्हणजे काय ते लोकांना कळालं. आणि लेख वाचून आमच्याकडची पोरं डोळे झाकून मिररलेस घ्यायलेत, ईएमआयवर, म्हणून हे पत्र.

मी अंबाजोगाईचा, जत्रा, लग्नं, लेणी, किल्ले असलेच फोटो काढत फिरतो. आमच्याकडं मिररलेस घेतलेल्यांतले बहुतेक जण दुकानात जी किट लेन्स बॉक्समध्ये मिळते तीच लावून पुढं वर्षानुवर्षं फिरतात. दुसरी लेन्स घेऊ घेऊ म्हणतात, मग पेरणी येते, मग पोरांची फी येते, अन् राहून जातं. नुसती बॉडी घेऊन लेन्सला पैसे न ठेवणं म्हणजे ट्रॅक्टर घेतला अन् नांगराला पैसे उरले नाहीत असला प्रकार. अशा माणसाला मी म्हणतो बाबा तू कॉम्पॅक्टच घे. तो माझ्याकडं असा बघतो की जणू मी त्याला खेळणं घे म्हणालो.

कारण समजून सांगतो. तुमच्या लेखात सेन्सरच्या मापाचा तक्ता दिलाय तो बरोबर आहे, कॉम्पॅक्टचा एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर अन् कॅननच्या आर५० सारख्या मिररलेसचा २२.३ बाय १४.९, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. पण सेन्सरवर उजेड पडतो तो लेन्सच्या भोकातून, आणि तक्त्यात लेन्सचा पत्ताच नाही. आर५० ची किट लेन्स १८-४५ मिलिमीटरची, पूर्ण झूम केली की अपर्चर, म्हणजे हेच भोक, एफ ६.३ वर येतं (एफचा आकडा मोठा तितकं भोक बारकं). ४५ ला ६.३ नं भागा, भोक साधारण ७ मिलिमीटरचं. आता आरएक्स१०० मार्क ३, म्हणजे त्याचं तिसरं मॉडेल, घ्या, २०१४ चा जुना कॅमेरा आहे, त्याची लेन्स जवळपास तेवढ्याच झूमला, सेन्सर बारका असल्यानं, खरी २५.७ मिलिमीटरची असते अन् अपर्चर एफ २.८, भागलं तर भोक ९ मिलिमीटरच्या वर. म्हणजे बारका सेन्सरवाला एकूण उजेड दीडपटीपेक्षा जास्त घ्यायलाय! तिप्पट सेन्सरचे पैसे मोजायचे अन् अंधार पडला की वापरायचं कमी, हा कुठला हिशोब. वाइडला, म्हणजे झूम न करता, तेवढंच दृश्य घेतलं तर दोघांचं जवळपास सारखंच निघतं, फार फरक नाही. आणि भर उन्हात उजेडाला तोटा नसतो तेव्हा मोठा सेन्सर पुढं जातोच, सावलीतलं अन् उन्हातलं दोन्ही तो जास्त सांभाळतो, हे मी नाकारत नाही.

हे कागदावरचं गणित वाटत असलं तर अजिंठ्याला जा. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहा, फ्लॅशला बंदी, ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्व खात्याची परवानगी लागते, उजेड मुद्दामच मंद ठेवलेला कारण रंग टिकवायचेत, अन् मागनं गार्ड पुढं चला पुढं चला करत असतो. किट लेन्स झूम केलेला मिररलेस तिथं आयएसओ (कमी उजेड वाढवून घ्यायचा आकडा) ६४०० च्या पुढं पळतो अन् त्या निळ्या कमळाच्या पाकळ्यांवर दाणे दिसायला लागतात. एफ २.८ चा कॉम्पॅक्ट त्याच शटरला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आयएसओवर काम भागवतो. चित्र काही हलत नाही, या दोन्ही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरायची सोय, असतंच, श्वास धरला तर सेकंदाच्या १/१५ शटरला सुद्धा हातानं फोटो येतो. आता कुणी म्हणेल मिररलेसला पन्नास मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स लावा की, लावा ना, कॅननची ती लेन्स वीस हजारांच्या आतबाहेर मिळते अन् माणसांचे चेहरे तर असे काढते की बास. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, त्या पन्नासमध्ये स्टॅबिलायझेशन नाही अन् आर५० च्या बॉडीतही नाही, त्यात आर५० वर ती जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबानं ८० सारखी जवळ दाखवते (पुढचे कॉम्पॅक्टच्या झूमचे आकडेही याच हिशोबाचे), म्हणजे हात हलला की गेला फोटो. लेण्यात मागं सरकायला जागा नसते ते वेगळंच.

वेरूळला उलटं आहे. कैलास लेण्यात उघड्यावर उजेड पुरतो पण ते सगळं एका फ्रेममध्ये घ्यायचं तर २४ सुद्धा कमी पडतं, तिथं ज्याच्याकडं मिररलेसवर लावायची दहा-अठरा मिलिमीटरची वाइड लेन्स आहे त्यालाच काय ते जमतं, कॉम्पॅक्टवाल्यानं वरच्या डोंगरावर चढावं.

लग्नाचं सांगतो, कारण आपल्याकडं कॅमेरा घ्यायचं निम्मं कारण तेच असतं. मे महिना, मुहूर्त दुपारी साडेबारा-पाऊणचा, सूर्य बरोब्बर डोक्यावर, नवरदेवाच्या डोक्यावर फेटा अन् कपाळावर मुंडावळ्या. फेट्याची सावली नाकापर्यंत येते, डोळे काळेठिक्कर. इथं फ्लॅश मारायचा असतो, दिवसा, हे पुष्कळांना माहीतच नाही. आर५० चा फ्लॅश १/२५० च्या पुढं शटरशी जुळत नाही, मग भर उन्हात अपर्चर एफ ११ च्या आसपास बंद करावं लागतं अन् एवढ्या बारक्या भोकातून त्या बारक्या फ्लॅशचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोचून पण दिसत नाही. आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स या कॉम्पॅक्टच्या लेन्समध्येच शटरच्या पात्या असतात, १/२००० ला सुद्धा फ्लॅश जुळतो, अपर्चर एफ ४ ठेवता येतं, नवरदेवाचे डोळे दिसतात. शिवाय त्या शटरचा आवाज नसल्यातच जमा, मंगलाष्टका चालू असताना भटजी वळून बघत नाहीत. तेवढ्यासाठी तरी मला हे कॅमेरे आवडतात.

पण आता दुसरी बाजू पण लिहिली पाहिजे नाहीतर तुम्ही म्हणाल कॉम्पॅक्ट विकायला बसलाय. आपल्या भागात कॉम्पॅक्टचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. त्याची लेन्स चालू केली की बाहेर येते, बंद केली की आत जाते, भात्यासारखी हवा ओढते, अन् हवेबरोबर फुफाटा. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत भंडारा उधळतात तेव्हा तर विचारूच नका. सेन्सरवर एक कण बसला की आकाशाच्या प्रत्येक फोटोत तिथंच काळा ठिपका, अन् तो तुम्हाला काढता येत नाही, सगळी लेन्स उघडावी लागते. माझ्या मावसभावाचा कॅमेरा असाच गेला, दुरुस्तीवाल्यानं कुरिअरनं मागवून घेतला, दोन महिने ठेवून घेतला अन् म्हणाला लेन्सचा अख्खा ब्लॉक बदलावा लागंल, खर्च सांगितला तेवढ्यात सेकंडहँड कॅमेरा आला असता. मिररलेसमध्ये धूळ गेली तर लेन्स काढा, बॉडी उलटी धरा, रबरी ब्लोअरनं दोनदा फुंका, झालं. फक्त तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. आणि भंडाऱ्यात उभं राहून लेन्स बदलायची नाही, जी लावलीय ती लावलीय, घरी येईपर्यंत तीच.

दुसरं ऊन. जी७एक्स मार्क ३ ला व्ह्यूफाइंडरच, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही, रिको जीआर ३ ला पण नाही, एप्रिलमध्ये दुपारी स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. आरएक्स१०० ला मार्क ३ पासून वर उचकटून निघणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, पण पहिल्या दोन आरएक्स१०० मॉडेलना नाही, सेकंडहँड घेताना हे बघूनच घ्या. मिररलेसमध्ये सुद्धा सगळ्यांना असतो असं समजू नका, सोनी झेडव्ही-ई१० ला नाही, अन् आमच्याकडं सगळ्यात जास्त तोच खपायलाय, रीलवाल्यांमुळं.

पक्ष्यांसाठी कॉम्पॅक्टचा नाद सोडाच. हिवाळ्यात जायकवाडीला नाथसागरावर फ्लेमिंगो उतरतात, ते काठापासून एवढे लांब असतात की २०० झूमनं गुलाबी रेघ येते नुसती. तिथं मिररलेस अन् त्यावर १००-४०० सारखी लेन्स, याला पर्याय नाही. एक इंचीतच सोनीचा आरएक्स१० मार्क ४ आहे ६०० पर्यंत जाणारा, फोटो झकास देतो, पण वजन एक किलोच्या वर, त्याला कॉम्पॅक्ट म्हणायचं म्हणजे म्हशीला शेळी म्हटल्यासारखं होईल. रात्रीच्या फ्लडलाइटमधली कबड्डी, तिथंही मिररलेसच, चेहऱ्यामागं पळणारा फोकस अन् पन्नास एफ १.८.

राहिले ते मिररलेसएवढ्याच सेन्सरचे कॉम्पॅक्ट, रिको जीआर ३ अन् फुजीचे एक्स१०० वाले. रिकोचं वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात बसतो, सेन्सर मोठा, लेन्स झूम न होणारी २८ ची. गावातल्या गल्लीत, बाजाराच्या दिवशी, माणसांच्या जवळ जाऊन फोटो काढणाऱ्याला यासारखा कॅमेरा नाही, मोठा कॅमेरा काढला की लोकं एकतर पोझ देतात नाहीतर कशासाठी काढायलात म्हणून विचारतात, ह्याला कुणी मोजतच नाही. फुजीचा २०२४ चा एक्स१००-सहा ४० मेगापिक्सेलचा, देखणा आहे, पण दीड लाखाच्या पुढं जातो अन् तेवढ्यात चांगला मिररलेस दोन लेन्ससकट येतो. तो ज्याला परवडतो त्यानं खुशाल घ्यावा, त्याला माझ्या पत्राची गरज नाही.

तर मला कुणी विचारलं की मी एकच विचारतो, येत्या वर्षात दुसऱ्या लेन्सला पंधरा-वीस हजार वेगळे काढणार का? हो म्हणाला तर मिररलेस, अन् शक्य तर किट लेन्स न घेता त्या पैशात सुरुवातच बऱ्या लेन्सनं कर. नाही म्हणाला, किंवा नुसतं बघू म्हणाला, तर एफ १.८-२.८ वाला एक इंची कॉम्पॅक्ट, सेकंडहँड असला तरी चालंल, पण पक्कं बिल मागा अन् घ्यायच्या आधी पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो एफ ११ ला काढून ठिपके आहेत का ते बघा. एक बॅटरी जास्तीची दोघांनाही लागते, लहान बॅटऱ्या आहेत, दिवसभराच्या लग्नात दुपारीच माना टाकतात.

संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा सेन्सरच्या शेजारी बॉक्समधल्या लेन्सचं दोन्ही टोकांचं अपर्चर अन् बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे की नाही हे दोन रकाने टाका, अन् किमतीच्या रकान्यात निदान एक जादा लेन्स धरून आकडा द्या. जागा कमी पडत असली तर मेगापिक्सेलचा रकाना काढून टाकला तरी चालंल.

आपला,
एक वाचक
अंबाजोगाई, जि. बीड