पॅटर्नच्या नावाआधी प्रश्न शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सर्वांसमोर लिहितेय, कारण डिझाइन पॅटर्न, म्हणजे प्रोग्राम लिहिताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींवरचे नाव दिलेले ठरावीक उपाय, नव्याने शिकणाऱ्या कुणालाही तुमची पद्धत उपयोगी पडेल. कॉलेजात आम्ही 23 पॅटर्न पाठ केले होते: निर्मितीचे 5, रचनेचे 7, वर्तनाचे 11. आकृत्याही तोंडपाठ. पण कुठला कधी वापरायचा आणि कधी अजिबात नाही, हे कळलं ते तुमच्या शेजारी बसून.

बिलिंगचं ते जुनं फंक्शन आठवतंय? घाऊक ग्राहकाचा दर, सभासदाची सूट, दिवाळीची सवलत, सगळं एकाच इफ-एल्सच्या रांगेत. दिवाळीची सवलत बदलायची तरी घाऊक बिलं पुन्हा तपासावी लागायची. तुम्ही पॅटर्नचं नावही काढलं नाहीत. फळ्यावर दोन रकाने आखलेत: 'बदलतं ते' आणि 'तसंच राहतं ते'. मालाची बेरीज, कर, पावती तशीच राहते. बदलतो फक्त सवलतीचा नियम. मग एक इंटरफेस, म्हणजे काय करायचं एवढंच सांगणारा करार, त्यात एकच मेथड: बिल घ्यायचं, सवलतीची रक्कम परत द्यायची. प्रत्येक नियमाचा वेगळा क्लास. बिल बनवणाऱ्या क्लासला आपल्याकडे कुठला नियम आलाय याचा पत्ताही नाही. सगळं चालू झाल्यावर म्हणालात, "याला स्ट्रॅटेजी म्हणतात." तोवर ती कशासाठी हवी हे आम्हाला पुरतं उमगलं होतं.

डेकोरेटर तर तुम्ही जावाच्या लायब्ररीतच दाखवलात. ग्राहकांची मराठी नावं फाइलमधून वाचायची होती. 'क' हे एक अक्षर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या एका पद्धतीत, 3 बाइट घेतं. फाइलइनपुटस्ट्रीम नुसते बाइट आणतो. इनपुटस्ट्रीमरीडर त्यांची अक्षरं करून देतो, म्हणजे एका रूपातली गोष्ट दुसऱ्या रूपात वापरू देणारा अ‍ॅडॅप्टर. त्यावर बफर्डरीडर, जो बाहेरून रीडरच राहतो पण एकदम मोठा तुकडा वाचून ठेवतो, म्हणजे मूळ रूप न बदलता वरून नवी सोय चढवणारा डेकोरेटर. रोज लिहीत होतो त्या एका ओळीत दोन पॅटर्न होते!

गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांचं हे 23 पॅटर्न मांडणारं 1994 चं पुस्तक आम्हाला माहीत होतं. त्यामागची वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांची प्रेरणा तुम्ही सांगितलीत. त्यांच्या 1977 च्या ग्रंथात घरं, गल्ल्या, शहरं यांचे 253 पॅटर्न आहेत आणि प्रत्येकात आधी अडचण, मग उपाय. पॅटर्नच्या नावाआधी फळ्यावर अडचण मांडायची तुमची सवय कुठून आली ते तेव्हा लक्षात आलं.

सिंगलटनच्या बाबतीत मात्र तुम्ही कडक होतात, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. कुठूनही हात घालता येईल अशी एकच वस्तू ठेवली की एका टेस्टने केलेला बदल दुसऱ्या टेस्टला नडतो. "जे लागतं ते कन्स्ट्रक्टरमधून मागून घ्या," म्हणजे वस्तू बनतानाच बाहेरून घ्या, हे तुमचं वाक्य टीममध्ये अजून चालतं. जावा 8 मध्ये लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहायची बिननावाची छोटी फंक्शनं, आल्यावर छोट्या नियमांसाठीचे क्लास काढून टाकायलाही तुम्हीच सांगितलंत. पॅटर्न जपायचा म्हणून कोड वाढवायचा नाही, यावर तुम्ही ठाम होतात.

रिलीज तोंडावर असताना आम्हाला तयार उत्तर देऊन मोकळं होणं सहज शक्य होतं. तसं न करता तुम्ही आमच्याबरोबर फळ्यापाशी उभ्या राहिलात, आमचे अर्धवट प्रश्न पुरे होऊ दिलेत. त्या वेळेबद्दल मनापासून आभार.

तुमची,
टीममधली एक विद्यार्थिनी